नोकरी सांभाळून

मिरजेकडच्या आमच्या नात्यागोत्यात 'बंगळुरूत नर्सिंगचं बघणारा माणूस' अशी माझी ख्याती आहे. वास्तविक मी अकाउंट्समधला. रक्त पाहिलं की मला आधी खुर्ची लागते आणि मग पाणी. पण कुणाच्या भाचीचं, पुतणीचं, होणाऱ्या सुनेचं जीएनएम झालं की फोन मला येतो. नर्स माझी बायको आहे. ती एक तर ड्युटीवर असते, नाहीतर ड्युटी करून झोपलेली असते, आणि दोन्ही वेळा फोन उचलायला घरात मीच असतो.

"काय रे, नोकरी सांभाळून डिग्री करायची तर किती वर्षं लागतात?"

विचारणाऱ्याला उत्तर एका आकड्यात हवं असतं, आणि तोही शक्यतो दोनच्या आतला. मी सुरुवातीला "ते बऱ्याच गोष्टींवर आहे" असं म्हणायचो. त्यावर पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मग, "सांगायचं नसेल तर तसं स्पष्ट सांग. आम्ही काय तुझ्या बायकोची जागा घेणार आहोत?" तेव्हापासून मी आकडे सांगायला लागलो, आणि तेव्हापासून लोक जास्त दुखावतात.

आकडे असे आहेत. बारावीनंतर थेट बी.एस्सी. नर्सिंगला गेलं तर 4 वर्षं. 2021 पासून त्याच्या 8 सेमिस्टर केल्या आहेत, पण वर्षं चारच राहिली. हा झाला बिनपगारी, सुखी जिवांचा मार्ग. ज्यांना लवकर कमवायला लागायचं असतं त्या जीएनएम करतात, म्हणजे 3 वर्षांचा डिप्लोमा. मध्ये काही काळ तो साडेतीन वर्षांचा होता. माझी बायको नेमकी त्या साडेतीनवाल्यांतली, त्यामुळे ते अर्धं वर्ष पुढे का वगळलं हा विषय आमच्या घरात काढायचा नसतो. डिप्लोमानंतर डिग्री हवी तर पोस्ट बेसिक बी.एस्सी., 2 वर्षं, पण पूर्ण वेळ. नोकरी त्यात कुठे कोंबायची ते ज्याचं त्याने पाहावं. नोकरीतल्या नर्सेससाठीच म्हणून इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पोस्ट बेसिक काढलं, ते किमान 3 वर्षांचं. आणि त्याला बसायचं तर आधी जीएनएम, मग कौन्सिलची नोंदणी, नोंदणीनंतर बारावीवाल्यांना 2 वर्षांचा अनुभव, दहावीवाल्यांना 5 वर्षांचा, आणि एवढं जमवल्यावर प्रवेशपरीक्षा.

अकाउंट्सच्या माणसाला बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. 3 अधिक 2 अधिक 3, झाले 8. म्हणजे जिने एकही नाईट केली नाही तिला जी डिग्री चार वर्षांत मिळते, तीच डिग्री रोज तेच काम करणाऱ्या बाईला आठ वर्षांत.

"आठ?" काका फोनवर ओरडले. "एवढ्यात पोस्टातले पैसे दुप्पट होतात!"

"होत नाहीत काका. त्याला अजून जास्त लागतात."

ह्या एका उत्तराने त्यांची डिग्रीबद्दलची तक्रार मिटली आणि पोस्टाबद्दलची सुरू झाली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचं ह्या बाबतीत बरं होतं. 1851 साली जर्मनीत कैसर्सवर्थला त्या शिकल्या ते जेमतेम 3 महिने. तेवढ्या भांडवलावर 1854 मध्ये क्रिमियाच्या लढाईतल्या जखमींसाठी तुर्कस्तानात स्कुटारीच्या इस्पितळात जाऊन त्या थडकल्या. दारात कुणी त्यांना ब्रिटनच्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र मागितलं नाही, मायग्रेशन सर्टिफिकेट मागितलं नाही, 'फोटो युनिफॉर्ममधला हवा, कान दिसले पाहिजेत' असंही सांगितलं नाही. पुढे 1860 मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शाळा काढली, तिथलं शिक्षण 1 वर्षाचं ठेवलं, आणि वर्षं वाढायला जी सुरुवात झाली ती झालीच. आपल्याकडे नर्सिंगची डिग्री आली 1946 साली, दिल्ली आणि वेल्लोर अशी दोन्हीकडे एकदमच. त्याच्या कितीतरी आधी, 1891 मध्ये, मुंबईत शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत ह्यांचं नाव नर्सिंगच्या पुस्तकात पहिली भारतीय म्हणून येतं. बायकोने ते इतक्या वेळा मोठ्याने पाठ केलं की फोनवरून ऐकणाऱ्या माझ्या आईने शेवटी विचारलं, "ही काशीबाई कोण रे? बरी आहे ना आता?"

बंगळुरूत ह्या डिग्रीला काही तोटाच नाही, असा गावाकडे समज आहे. तो अगदीच खोटा म्हणता येणार नाही. राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथलंच, 1996 चं, जयनगरातलं, आणि त्याच्या हाताखालची नर्सिंग कॉलेजं शेकड्यांनी मोजावी लागतात. केरळातून, बंगालमधून, ईशान्येकडून पोरं-पोरी इथे शिकायला येतात. खाली अय्यंगार बेकरी, वर जिम आणि त्याच्यावर नर्सिंग कॉलेज अशी इमारत आमच्या रस्त्यावरही आहे. बायको तिथे चौकशीला गेली तेव्हा चुकून जिमची फी विचारून आली. ती जास्त होती.

आणि एजंट. आम्हाला भेटला तो राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये, साईड लोअरला. बायकोच्या हातातली फाईल पाहून त्याने स्वतःहूनच चौकशी केली.

"वर्किंग आहात? मग तुमच्यासाठी नॉन-अटेंडिंग आहे ना."

"म्हणजे?"

"म्हणजे अटेंड करायचं नाही. अ‍ॅडमिशन घ्यायची, फी भरायची, परीक्षेला यायचं. वॉर्ड-बिर्ड सगळं आम्ही कागदावर करून देतो."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तुम्हाला उद्या अपेंडिक्स झालं, तर सलाईन नॉन-अटेंडिंग लावू का?"

तो वरच्या बर्थवर गेला तो तुमकूर गेलं तरी खाली उतरला नाही.

तेव्हा डिग्री करायची तर सरळ मार्गाने, हे ठरलं. ह्यांपैकी कोणता मार्ग, कॉलेज कोणतं, हे मी सांगणार नाही. मार्कलिस्टवरची एक दुरुस्ती अजून यायची आहे.

कुणाला वाटेल, डिग्रीला वेळ लागतो तो अभ्यासामुळे. अभ्यासाचं काय, तो बसमध्येही होतो. बायकोचं अख्खं मायक्रोबायॉलॉजी सिल्क बोर्डच्या सिग्नलला झालं. जंतूंची वाढ आणि ट्रॅफिकची वाढ ह्यांचे आलेख तिला एकाच वेळी समजले. वेळ खाल्ला तो नावाने. आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. जीएनएमची नोंदणी माहेरच्या नावाने. आधार कार्ड सासरच्या नावाने, त्यात मध्ये मी. अशा तीन बायका फाईल घेऊन एका खिडकीसमोर उभ्या राहिल्या.

"इनिशियल येनु?" खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं. इनिशियल काय?

"इनिशियल नाही, पूर्ण नाव आहे," बायको म्हणाली.

"मधलं नाव कुणाचं?"

"आधी वडिलांचं होतं. आता ह्यांचं आहे."

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. माझे केस गेल्यापासून लोक माझ्याकडे नीटच पाहतात. "इवरु तंदेना?" त्यांनी तिला विचारलं. हे वडील का? ती घाईत होती, आणि तिचं कन्नड तेव्हा वॉर्डापुरतंच होतं: दुखतंय का, कुठे दुखतंय, लघवी झाली का. तिने मान हलवली. दोन महिन्यांनी जो कागद आला त्यात मी कागदोपत्री माझ्या बायकोचा बाप झालो होतो. मिरजेला सासऱ्यांना कळवलं. ते जरा वेळ विचार करून म्हणाले, "मग आता फी तुम्हीच भरायची."

दुरुस्तीसाठी स्टँप पेपर, नोटरी, 'वरील तिन्ही स्त्रिया एकच असून' असं प्रतिज्ञापत्र, आणि पुन्हा खिडकी. खिडकी म्हणाली, नाळे बन्नी. नव्वदच्या दशकात ह्या शहरात लोक घराच्या दारावर 'नाळे बा' असं लिहून ठेवत. म्हणजे उद्या ये. रात्री दार वाजवणारी भुतीण ते वाचून मुकाट परत जायची, दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचायची आणि पुन्हा परत जायची, अशी अर्ध्या शहराची श्रद्धा. भुतीण पुढे यायची बंद झाली, पण तो मंत्र खिडक्यांनी उचलला. फरक इतकाच की भुतिणीला झेरॉक्स आणायला सांगत नसत.

जुन्या गुणपत्रिकांच्या प्रती आणायला मिरजेला जावं लागलं. मिरज म्हणजे डॉक्टर वानलेस ह्यांनी 1894 मध्ये हॉस्पिटल काढल्यापासून दवाखान्यांचं गाव. इथे रिक्षावालाही स्टेशनवर उतरलेल्या माणसाचा चेहरा बघून कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं ते सांगतो. मी रात्रभर प्रवास करून कागद घेतले, आईने भडंगाची पिशवी दिली, आणि परतताना गाडीत कागदांवर भडंगाचं तेल सांडलं. नोंदणीच्या प्रतीवर नेमकं माहेरचं आडनाव पारदर्शक झालं. नोटरीचं मत पडलं की ह्याने काम सोपं झालं.

हे सगळं चालू असताना हॉस्पिटलात ड्युट्या चालूच होत्या. ड्युटी लिस्ट काढतात इन्चार्ज सिस्टर. देवाने वेळ निर्माण केला असेल, पण वाटला इन्चार्ज सिस्टरनी.

"सिस्टर, पंधरा तारखेला नाईट नको. दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे."

"कुणाची?"

"माझी."

"तुझी? मुलांची नाही ना? मग होईल की. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

मुलाची सहामाही असती तर अख्खा वॉर्ड हळहळला असता. चाळिशीतल्या बाईची परीक्षा म्हणजे तिची हौस. माझ्या ऑफिसातही मी सांगितलं तेव्हा एकाने फार आपुलकीने विचारलं, "का? घरी काही प्रॉब्लेम आहे का?"

रात्री आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळायचा आणि सकाळी विद्यार्थिनी होऊन दुसऱ्या वॉर्डात उभं राहायचं, असा दिनक्रम. तिथे पंचविशीच्या ट्यूटर मॅडम. त्यांनी एक दिवस चादरीचा कोपरा निरखून लॉगबुकात 'सुधारणेस वाव' असं लिहिलं आणि सही दिली नाही. बायको घरी आली, काही बोलली नाही, आणि घरातल्या सगळ्या गाद्यांच्या चादरी पंचेचाळीस अंशात घडी घालून इतक्या ताणून बसवल्या की रात्री आत शिरायला मला जागा सापडेना. मी तसाच वर झोपलो. सकाळी तिने फोटो काढला: चादरीचा, माझा नव्हे.

नाईटवरून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागते तीन तास. त्या तीन तासांत घरात शिट्टीबंदी. कुकर लावायचा नाही, मिक्सर लावायचा नाही, आणि माझ्या ऑफिसच्या मीटिंगा बाथरूममध्ये. गेली काही वर्षं आमच्या कंपनीत माझा आवाज घुमतो, त्यामुळे मी काहीतरी महत्त्वाचं बोलतोय असं वाटतं. एवढं सांभाळून झालं की खाली कचऱ्याची ऑटो गाणं लावून यायची, तिच्या मागे टँकर, आणि त्याच्या मागे घरमालकीण आज्जी. "नर्सम्मा मलगिदारा? झोपल्यात का? काही नाही, स्वल्प बीपी बघायचं होतं." स्वल्प बीपी. जसं काही जास्त असलं तर त्या परत घेऊन जाणार होत्या.

आता मुद्द्याचं. नर्सिंगच्या अभ्यासाला पेशंट लागतो. हॉस्पिटलात पेशंट शेकड्यांनी, पण ते आजारी असतात. त्यांच्यावर सराव करायला वेळ मिळत नाही. सराव करायला लागतो धडधाकट, रिकामा आणि नाही म्हणायची सोय नसलेला माणूस.

पहिलं माझं डोकं गेलं. डोक्याला बांधायचं एक बँडेज असतं, त्याचं नाव कॅपलाईन. दोन पट्ट्या घेऊन पुढून मागे, मागून पुढे असं करत शेवटी टोपी तयार होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती माझ्यावर बांधून झाली आणि नेमका त्याच वेळी मॅनेजरचा व्हिडिओ कॉल आला. माझं बोट चुकून लागलं, कॅमेरा सुरू झाला, आणि पलीकडे सगळे एकदम उभे राहिले. मी खरं सांगणार होतो. पण मॅनेजरसाहेब म्हणाले, "काही बोलू नका. त्रास होईल. दोन दिवस लॅपटॉप उघडायचा नाही." ह्यावर काही बोललो नाही, त्रास झाला असता. दार उघडलं तर कुरियरवाल्याने पार्सल स्वतः आत आणून ठेवलं. आज्जींनी रसम पाठवलं. बायको गेले कित्येक महिने परीक्षेसाठी रजा मागत होती आणि तिला एकही मिळत नव्हती. माझ्या न फुटलेल्या डोक्याला न मागता दोन मिळाल्या. तिने बँडेज सोडलं तेव्हा जरा जास्तच जोरात ओढलं.

मग आलं पोषणशास्त्र. त्यात गेल्या 24 तासांत पेशंटने काय खाल्लं ते आठवून लिहायचं असतं.

"काल सकाळपासून सांगा."

"पोहे."

"मी यायच्या आधी की नंतर?"

"दोन्ही वेळा."

"दुपारी?"

"डबा. पोळी-भाजी."

"भाजी तशीच परत आली होती."

"मग थोडा मसाला डोसा."

"थोडा म्हणजे किती?"

"एक. मग अजून एक, कारण पहिल्यात चटणी उरली होती."

"संध्याकाळी?"

"मद्दूर वडा."

"किती ग्रॅम?"

"तो वजन करून देत नाही गं."

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या कोष्टकाप्रमाणे बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2110 कॅलरी पुरतात. माझ्या दुपारी तीनलाच संपल्या होत्या. उरलेला दिवस मी कशावर जगलो ह्याची नोंद तिने लाल शाईने केली. तेव्हापासून माझे आहार दोन आहेत, एक खाण्याचा आणि एक सांगण्याचा.

मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगच्या सुमारास तर घरात बसायची सोय उरली नाही. मानसिक स्थितीच्या तपासणीत काही ठरावीक प्रश्न असतात.

"आज तारीख काय?"

मी फोनकडे पाहिलं. तिने लिहिलं: 'फोनकडे पाहतो.'

"100 मधून 7 वजा करत चला."

मी अकाउंट्सचा माणूस. "93, 86, 79..." इथे मला वाटलं की हे फार सोपं आहे, म्हणजे ह्यात जीएसटीसारखं काहीतरी असणार. मी थांबलो. तिने लिहिलं: '79 ला अडखळतो.'

"रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सापडलं, तर काय कराल?"

"हल्ली पाकीट कोण पाठवतं?"

"प्रश्न तसाच विचारायचा असतो. पुढचा. 'नाचता येईना, अंगण वाकडं' ह्याचा अर्थ?"

"अंगण दुरुस्त करायला हवं."

तिने पेन खाली ठेवलं. मी विनोद केला होता, पण तपासणीत विनोदाला वेगळा रकाना नाही. वही तपासायला गेली तेव्हा ट्यूटर मॅडमनी शेरा दिला की केस फार चांगली निवडली आहे.

सगळ्यांत जिव्हारी लागला तो केअर प्लॅन. ह्यात डॉक्टरी रोगाचं नाव लिहायचं नसतं. नर्सिंगचं निदान वेगळं असतं, आणि ते कशाशी संबंधित आहे, पुरावा काय, हे क्रमाने मांडायचं असतं. माझ्यावरचा केअर प्लॅन मी चोरून वाचला. निदान पहिलं: शारीरिक हालचालीचा अभाव. संबंधित: सोफा. पुरावा: सोफ्यातला खड्डा. ध्येय: पेशंट 2 आठवड्यांत पाण्यासाठी स्वतः उठेल. मूल्यमापन: ध्येय अंशतः साध्य; पेशंट उठतो, पण ग्लास तिथेच ठेवतो. निदान दुसरं: ज्ञानाचा अभाव. त्याच्यापुढे 'कशाबद्दल' ही जागा भरलेली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, "वहीत दोनच ओळी होत्या."

कम्युनिटीच्या पोस्टिंगला त्या एक बॅग घेऊन घरोघरी जातात. घरात गेल्यावर आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचे, मगच बॅग उघडायची. ह्याचा सराव आमच्याच दारात. ती बेल वाजवणार, मी कुटुंबप्रमुख म्हणून दार उघडणार, "या सिस्टर" म्हणणार. तिने वर्तमानपत्र पसरलं, ते आजचं होतं, मी वाचायला वाकलो, तर सराव पुन्हा पहिल्यापासून. मग घराची पाहणी. स्वयंपाकघर समाधानकारक, हवा खेळती, आणि बाल्कनीत मी अतिशय प्रेमाने वाढवलेल्या मनी प्लँटच्या बाटलीत डासांच्या अळ्या. "कुटुंबप्रमुखाला माहिती दिली" असं तिने नोंदवहीत लिहिलं आहे. माहिती कोणत्या आवाजात दिली ते लिहिलेलं नाही.

मध्ये 2020 आलं. परीक्षा पुढे गेल्या, वॉर्ड बदलले, बायको घरी आली की मी आतल्या खोलीतून बोलायचो आणि ती बाहेरच्या. त्या वर्षाचा हिशोब मी कुठल्याच बेरजेत धरलेला नाही. तिनेही धरला नाही. तेव्हा पुस्तक उघडायला ती शुद्धीवर नसायची.

सगळ्या वर्षांत फोन मात्र थांबले नाहीत. "अजून चालूच आहे?" हा एक वर्ग. त्यातल्या आत्याबाई तर असं विचारायच्या की मला डिग्रीला काहीतरी दुर्धर झालंय असं वाटायचं. दुसरा वर्ग, "मग आता कॅनडा का?" बाईने नर्सिंगमध्ये पुस्तक उघडलं की विमान आलंच, अशी लोकांची पक्की समजूत. बायकोला कॅनडा नको होता. तिला एवढंच हवं होतं की ड्युटी लिस्ट एकदा तरी आपण काढावी. तिसरा वर्ग तुलनेचा. शेजारचा मुलगा दर शनिवार-रविवारी एक कोर्स संपवतो आणि सोमवारी लिंक्डइनवर नम्रपणे त्याचा अभिमान बाळगतो. त्याने विचारलं, "आंटी, हे 2x स्पीडला नाही का बघता येत?" अमेरिकेतल्या मावसभावाने सांगितलं, की तिकडे नोंदणी झालेल्या नर्सेस नोकरी सांभाळून, घरी बसून, ऑनलाईन वर्ष-दीड वर्षात डिग्री करतात.

"आणि बँडेज कुणावर बांधतात?" मी विचारलं.

त्याने बायकोला हाक मारून विचारलं. ती तिकडे हॉस्पिटलातच आहे. पलीकडे बराच वेळ काहीतरी बोलणं झालं आणि मग त्याने फोन ठेवला.

निकाल लागला. फर्स्ट क्लास. आईने मिरजेत पेढे वाटले आणि वाटताना सगळ्यांना "सून डॉक्टर झाली" असंच सांगितलं, कारण इतक्या वर्षांत दुसरं काही होणं तिला पटेना. ट्यूटर मॅडमनी मिठी मारली. हॉस्पिटलने पगारवाढ दिली. मी रात्री लॅपटॉप उघडून फी, प्रवास, स्टँप पेपर, बिनपगारी रजा, भडंग असा सगळा खर्च एका रकान्यात आणि वाढ दुसऱ्या रकान्यात मांडली, आणि ह्या गुंतवणुकीची वसुली कधी होईल ते काढलं. बायकोच्या निवृत्तीनंतर तीन वर्षांनी. तिने मागे उभं राहून आकडे पाहिले, "ज्ञानाचा अभाव," म्हणाली आणि झोपायला गेली. आता तिच्या टेबलावर एम.एस्सी. नर्सिंगचं माहितीपत्रक आहे. ते 2 वर्षांचं आहे. मी काही विचारलेलं नाही.

घरी आता तिच्या वॉर्डातली पोरं येतात, नोट्स न्यायला. नोट्स घेतात, बाकरवडी खातात, आणि जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला चांगली ओळखीची आहे. परवा त्यांच्यातला एक ब्रदर मागे रेंगाळला. हुबळीकडचा, मराठी छान बोलतो, यंदाच पोस्ट बेसिकला लागलाय, नाईट करून.

"सर, रविवारी मोकळे आहात का? 24 तासांचा आहार लिहायचा आहे. सिस्टर म्हणाल्या, सरांना सवय आहे."

मी स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं आणि हळूच विचारलं, "खाल्लेला लिहायचा, की सांगितलेला?"